बुंधा की पिंप

अरेओरा, अतिऊ बेट
९ एप्रिल १९९८

तामारुआ,

अक्षर बघूनच पत्र माझं आहे हे कळलं असेल. फाडायचं असेल तर आत्ताच फाड. नाही फाडलंस तर पुढे वाच. काम आहे म्हणून लिहितोय, खुशाली विचारायला नाही.

आपला तुमुनू फुटला. आजोबांनी माडाच्या बुंध्यातून कोरला, बाबांनी आयुष्यभर त्यात बिअर आंबवली, आणि त्यांच्या मागे मी. त्याला तळाशी चीर गेली आहे. यंदाची पहिली हिरवट संत्री पिळून, साखर आणि माल्ट घालून झाकून ठेवलं होतं. शनिवारी झाकण काढलं तर अर्धी बिअर जमिनीने प्यायलेली. शेजारच्या रांगीची डुकरीण खोपीच्या मागे चारी पाय वर करून पडली होती. रांगी म्हणाला, "जाऊ दे, घरातल्याच कोणीतरी प्यायली."

चिरेत नीरफणसाचा चीक भरून पाहिला, होडीला भरतात तसा. पण लाकूडच पावासारखं झालंय, चीक धरणार कशाला?

मग तुमुनूभोवती बसणाऱ्या आपल्या रिंगणात चर्चा झाली. रांगी म्हणतो, प्लॅस्टिकचं पिंप आणा, हलकं, स्वस्त, गळत नाही. शाळेच्या मास्तरांनी काचेचा मोठा बुधला आणून दाखवला. आतलं सगळं दिसतं म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, आतलं बघून करायचं काय, ते काय परीक्षा देतंय? शिवाय उजेड लागला की बिअरला वास मारतो, आणि आपल्या या खडकाळ वाटेवरून काच रांगीच्या ट्रकमधून आणायची म्हणजे आणायच्या त्या काचाच. कोणी म्हणालं स्टील. उकळत्या पाण्याने धुता येतं, आंबट वास राहत नाही. पापा आपोरो शेवटी बोलले. तुला त्यांचा आवाज आठवत असेल, देवळात असो की खोपीत, एकच पट्टी. म्हणाले, "माडाचा बुंधा नसेल तर त्याला तुमुनू म्हणायचं नाही. बादलीभोवती बसायचं असेल तर मी घरी बायकोच्या बादलीभोवती बसेन."

मी म्हटलं, माझा भाऊ ऑकलंडला बिअरच्या कारखान्यात आहे. देवळापेक्षा उंच टाक्या आहेत त्याच्या हाताखाली. त्याला विचारतो.

सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागले. आपलं बोलणं बंद आहे हे या बेटावर कोंबड्यांनाही ठाऊक आहे. नोकऱ्या गेल्या त्या वर्षी निम्मं बेट विमानात बसलं, त्याबद्दल मी कोणालाच बोल लावत नाही. पण निरोपाच्या बिअरची करवंटी हातात असताना उठून तू म्हणालास, "बुंध्याभोवती बसून बुंधा कुजायची वाट बघणारी माणसं तुम्ही." आणि मी म्हणालो, "मग या रिंगणात पुन्हा बसू नकोस." दोघांनीही आपापला शब्द पाळला. आता बुंधा खरंच कुजला. तुझं म्हणणं खरं ठरलं, खूश हो, आणि भांडं कोणतं घ्यायचं ते कळव.

आपोरोंनी आजोबांची वाकस कुठे आहे म्हणून विचारलं. नवा बुंधा कोरायचा तर त्याच वाकसीने, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, हरवली.

मार्चच्या वादळात फार नुकसान नाही. तेकुराच्या केळी आडव्या झाल्या, आणि तुझ्या माडाचा शेंडा गेला.

एरुएरा


२२ मे

तामारुआ,

जहाजातून पिंप उतरलं. पांढरं, खाली तोटी, वर आट्यांचं झाकण. सोबत कागद, त्यावर ठळक अक्षरात सूचना. उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिक वाकेल. तारेच्या घासणीने घासू नका, चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. सावलीत ठेवा. झाकण घट्ट लावा. प्रिय नाही, तुझा नाही, नावसुद्धा नाही. तेकुरा म्हणाली, "सही नाही, पण पाठवलं ना?" बायको नेहमी तुझीच बाजू घेते.

आता पुढचं सांगतो, पण हसायचं नाही.

झाकणाच्या मधोमध भोक होतं. चांगलं बोट जाईल एवढं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. नवं कोरं पिंप आणि त्याला भोक! रांगी म्हणाला, "बघ, ऑकलंडवाल्यांनी नासकं उचलून पाठवलं. आपल्याला काय कळतंय, असं वाटलं असणार." मी तुझी बाजू घेतली बरं का. म्हटलं, वाटेत जहाजावर काहीतरी लागलं असेल. आणि झाकण घट्ट लावा असं तू लिहिलंस, तर भोक असलेलं झाकण घट्ट कसं होणार? मग मी एक छान खुंटी तासली, भोकात ठोकली, आणि वरून नीरफणसाचा चीक. एक थेंब हलणार नाही असं काम केलं. होडी असती तर न्यूझीलंडला गेली असती.

सोबत एक वाकडीतिकडी पारदर्शक नळी होती, कोंबडीच्या आतड्यासारखी वळलेली. ती कशाला हे कोणाला कळेना. रांगीला आवडली, त्याने ती ट्रकच्या आरशाला टांगली.

तुला माहीत आहेच, आजोबांच्या तुमुनूवर पोतं आणि केळीचं पान एवढंच झाकण असायचं. झाकण घट्ट लावायची आमच्या हाताला सवयच नाही, म्हणून मी जरा जास्तच पिळून लावलं.

शनिवारी सगळे जमले. पिंपाचं पोट बाहेर आलेलं. पाळकांचं रविवारी उमूच्या खड्ड्यात भाजलेलं डुक्कर जेवून झाल्यावर दिसतं ना, तसं. मास्तर म्हणाले, "चांगलं भरलेलं दिसतंय." मी करवंटी पिंपाच्या काठावर आपटली. बुंध्यावर आपटली की कसा ठोका उमटतो, बोलणं थांबतं, टोप्या उतरतात आणि प्रार्थना सुरू होते. इथे नुसतं थप् झालं. कोणी गप्प बसेना. रांगी आपला डुकरिणीचीच गोष्ट सांगतोय. मी तीनदा आपटली, शेवटी ओरडलो, "अरे, प्रार्थना!"

आपोरो पिंपाला लागूनच उभे होते, देवळाचा पांढरा शर्ट घालून. डोळे मिटून लांबच लांब प्रार्थना चालली होती. "हे प्रभू, जे गेले त्यांना सांभाळ, जे राहिले त्यांच्यावर तुझी कृपा ओत," असं म्हणायला आणि झाकण उडायला एकच गाठ पडली.

झाकण छपराच्या झापांतून आरपार गेलं. ते शेवटी रांगीला माडावर चढल्यावर सापडलं. बिअर सगळ्यांच्या अंगावर, संत्र्याची साल मास्तरांच्या चष्म्यावर. आपोरो जागचे हलले नाहीत. दाढीतून बिअर गळतेय, डोळे अजून मिटलेले. म्हणाले, "आमेन." मग डोळे उघडून मला विचारलं, "हे तुझ्या भावाने मुद्दाम पाठवलं का?"

मी नाही म्हटलंय. तूही नाहीच म्हण.

एरुएरा


१७ जून

तामारुआ,

तुझं पत्र मिळालं. तेकुराने दोनदा वाचून दाखवायला लावलं, म्हणून मला ते पाठ झालं. "भोक बुजवलंत? अरे, ते भोक म्हणजेच सगळं आहे! आतलं आंबताना श्वास सोडतं, त्याला वाट नको? ती वाकडी नळी भोकात बसवायची, त्यात घोटभर पाणी. आतली हवा बाहेर येते, बाहेरची घाण आत जात नाही. तुम्ही बॉम्ब केलात आणि बॉम्बशेजारी पापा आपोरोंना उभं केलंत. जेवणाच्या सुट्टीत वाचत होतो, हसून डबा सांडला."

दोन वर्षांत तू हसलेलं मला कळलं, ते असं. सांडलेल्या डब्यात काय होतं तेही लिहायचंस की. नीट जेवतोस का?

रांगी नळी देईना. आरशाला शोभते म्हणतो. मग एक बांबूची नळी वाकवून तिचं तोंड पाण्याच्या करवंटीत बुडवलं. चाललं. बुडबुडे येताना बघायला सगळे खोपीत जमले, जणू काही बाळ पहिल्यांदा बोलतंय. बुडबुडे थांबल्यावर मी अजून थांबलो, तू लिहिलंस तसं, आणि मगच उघडलं.

बिअर चांगली झाली. खरं सांगतो, आजोबांच्या तुमुनूत अशी स्वच्छ बिअर कधी झाली नव्हती. आंबटपणा नाही, लाकडाचा वास नाही, दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही. दोष काढायला जागा नाही, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. करवंटी दोनदा फिरली आणि माणसं उठून घरी गेली. कोणी गाणं काढलं नाही. मास्तर म्हणाले, छान आहे, दुकानातल्यासारखी आहे. आपोरो म्हणाले, "चव आहे. ओळख नाही."

मी विचार केला यावर. बुंध्याच्या अंगात जुनी बिअर मुरलेली असते. बाबांच्या वेळची, आजोबांच्या वेळचीसुद्धा. नवा रस ओतला की तीच त्याला उठवते. म्हणून प्रत्येक वेळची बिअर मागच्या बिअरची कोणीतरी लागायची. पिंप धुतलं की त्याला काही आठवत नाही. तुमच्या कारखान्यात तेच चांगलं समजत असतील, आणि विकायची असेल तर ते बरोबरही असेल. आम्हाला विकायची नाही.

आणि आता ज्यासाठी लिहितोय ते. इतका वेळ टाळत होतो.

रविवारी देवळातून येताना आपोरोंनी मला थांबवलं. म्हणाले, "या बेटावर तुमुनूजोगा एकच बुंधा उभा आहे, आणि तो तुझ्याच वाडीत आहे. शेंडा गेलाय, खालून खणखणीत आहे. पावसाळ्याआधी घेतला तर घेतला, नाहीतर भुंग्याच्या घशात जाईल."

मी म्हटलं, "पापा, तो तामारुआचा आहे."

"म्हणूनच तुझ्याशी बोलतोय. माझा असता तर तोडून मोकळा झालो असतो."

"मग माझ्याशी बोलू नका. त्याची नाळ आहे तिथे. विषय काढायचा नाही."

आजवर मी आपोरोंवर आवाज चढवला नव्हता.

तुझ्या जन्माच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आईने तुझी नाळ खड्ड्यात ठेवली, वर मोड आलेला नारळ लावला, आणि पाणी घालायचं काम माझ्या गळ्यात. तू दिवसभर रडायचास आणि नारळ गुपचूप वाढायचा. दोघांत नारळ बरा, असं मी आजीला म्हणालो होतो, तिने कान पिळला होता. माझा माड धावपट्टी केली तेव्हा गेला. मला कोणी विचारलं नाही, एक दिवस शाळेतून आलो तर नव्हता. तू ज्या विमानाने गेलास ते माझ्या माडावरूनच उडालं.

म्हणून मी तुला विचारतोय. तुझ्या शब्दाशिवाय त्याला कोणी कोयता लावणार नाही. पण विचारल्यावाचून तो कुजला, असंही मला नको आहे.

एरुएरा


२० जुलै

तामारुआ,

"तोडू नका. तो उभा आहे तोवर तिथे माझं काहीतरी उभं आहे असं मला म्हणता येतं."

एवढंच लिहिलंस. पुरे आहे. मी आपोरोंना सांगितलं, नाही म्हणजे नाही. ते म्हणाले, "बरं," आणि पिंपातली करवंटी घेतली. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता भाऊ म्हणून लिहितो, पटलं नाही तर सोडून दे. शेंडा गेलेला माड उभा असतो, जिवंत नसतो, हे तुला मी सांगायला नको. मी तुला "शेंडा गेला" असं केळींच्या ओळीत घालून लिहिलं, कारण सरळ लिहायला हात होईना. तो वादळातच गेला. रोज सकाळी मी तिकडून जातो. झावळी नाही, सावली नाही, नुसता खांब. वरच्या टोकाला भुंग्याने भोकं पाडायला सुरुवात केली आहे. अजून वरच आहेत, बुंध्यापर्यंत पोचली नाहीत. एखाद्या वाऱ्यात तो आपला आपण पडेल, आणि मग तू तिथे बसून म्हणशील की माझं उभं आहे, आणि मी इथे बसून तुला खोटं लिहीन. ते माझ्याने व्हायचं नाही.

तू मला विचारलं नाहीस, पण सांगतो. रिंगणात आता सातजण आहोत. मास्तरांची बदली झाली की सहा. रांगीचा मुलगा ब्रिस्बेनहून तिकीट पाठवतोय. तेकुराही अधूनमधून ऑकलंडला असलेल्या मुलीचं नाव काढते, तिथलं हवामान किती छान असतं म्हणते. ऑकलंडचं हवामान! तू तर लिहिलं होतंस की तिथे पाऊस आडवा येतो.

मी जाणार नाही. पण मला तुझी आठवण येते. ज्या जागेवर तू बसायचास तिथे कोणी बसत नाही. मी कोणाला मनाई केलेली नाही, तरी बसत नाहीत. करवंटी फिरवताना माझा हात तिथे थांबतो, मग पुढच्याकडे जातो. आपोरोंनी पाहिलंय.

तोडू नका म्हणालास, तोडणार नाही. यावर मी पुन्हा लिहिणार नाही. पिंपाची तोटी गळतेय, तिला कुठलं रबर लागतं ते कळव.

एरुएरा


२८ सप्टेंबर

तामारुआ,

ऑगस्टमध्ये मंगळवारच्या विमानाने तुझं गाठोडं आलं. हातात घेतलं तेव्हाच वजनावरून ओळखलं, तरी तेकुराला म्हटलं, तोटीचं रबर असणार. ती म्हणाली, "एवढं जड रबर?"

तुझ्या कामाच्या शर्टात गुंडाळलेली आजोबांची वाकस. चिठ्ठी नाही. पात्याला धार लावलेली, तेल दिलेलं, दांडा नवा. जाताना नेलीस, आणि दोन वर्षं ती गंजू दिली नाहीस. मी ओट्यावर बसलो आणि मोठ्याने रडलो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. रांगी धावत आला, त्याला वाटलं कोणी गेलं. वाकस बघून तो माझ्याशेजारी ओट्यावर टेकला. म्हणाला, "हरवली होती ना?" मी म्हटलं, "सापडली."

त्या शनिवारी माड काढला. सगळे आले, देवळातल्या बायकासुद्धा, गाणं म्हणायला. आपोरोंनी प्रार्थना छोटी केली, शर्टाची शिकवण असेल. बुंधा मुळापासून हवा होता म्हणून खणावं लागलं. मी दुसऱ्या कोणाला खणू दिलं नाही. माझ्या मनात भीती होती की काही सापडेल. काही नव्हतं रे. नुसत्या मुळ्या, मुठीएवढ्या जाड, एकमेकींत अशा गुंतलेल्या की नाळ कुठे संपली आणि माड कुठे सुरू झाला ते सांगता येऊ नये. त्याच खड्ड्यात मोड आलेला नारळ लावला. पाणी मीच घालतो. याचं रडणं ऐकावं लागत नाही, तेवढं सुख.

कोरायला वेळ लागला. माझे खांदे आता पूर्वीचे नाहीत, निम्मं काम रांगीने केलं, आणि बडबड सगळी. तुझं लाकूड फार चिवट आहे. रांगी म्हणाला, "अगदी त्याच्यावरच गेलंय." आतून कोरून, पाण्यात मुरवून, पुन्हा खरवडून घेतला. मग जुन्या तुमुनूच्या तळातला साका काढून नव्याच्या आत चोळला, आजोबांची आणि बाबांची ओळख करून द्यायला. वर पोतं आणि केळीचं पान. पिंप फेकलेलं नाही. त्यात माल्ट कालवतो, आणि संत्री भरून आणायला ते उत्तम आहे. नळी अजून आरशालाच आहे.

पहिली बिअर काल काढली. थोडी कडू, थोडा कच्च्या लाकडाचा वास. मुरेल. आपोरोंनी घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "ओळखीचं वाटतंय." मग गाणी निघाली आणि कोणीच लवकर घरी गेलं नाही. रांगीने तिकिटाचं नाव काढलं नाही. काढेल, पण काल काढलं नाही.

त्याआधी प्रार्थनेसाठी मी करवंटी काठावर आपटली होती. असा ठोका उमटला की रांगीची डुकरीणही थबकली. टोप्या उतरल्या. आपोरोंनी प्रार्थना सुरू केली.

मी तुला म्हणालो होतो की या रिंगणात पुन्हा बसू नकोस. मी शब्द मागे घेणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. नको बसूस रिंगणात. तू आता मधोमध आहेस, आणि आम्ही सगळे तुझ्याभोवती बसतो.

तुझा,
एरुएरा